छाटलेल्या बिड्या कोणाच्या?

एका सकाळीत मी एकेचाळीस बायकांना बेकार केलं, आणि तेही सरकारी शाईनं. वर दुपारच्या बसनं बालाघाटला परतताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं या गोष्टीतला भला माणूस म्हणून कोणी माझ्याकडे बघायला नको.

साल एकोणसत्तर. बिडी कामगारांसाठी दिल्लीत कायदा होऊन तीन वर्षं झाली होती. दिल्लीहून निघालेली गोष्ट आमच्याकडे पोचेस्तोवर दोन-तीन उन्हाळे जातातच, त्यात नवल नाही. कायदा मात्र चांगला होता. घरी बसून बिड्या वळणारी बाईसुद्धा कामगारच, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. बाळंतपणाच्या आधी सहा आठवडे आणि नंतर सहा आठवडे तिनं घरी बसायचं, आणि काम देणाऱ्यानं तिची मजुरी चालू ठेवायची. अट एकच, तिचं नाव कामगार म्हणून यादीत असायला हवं. मी कामगार खात्यात बाबू होतो. ती यादी करायला साहेबांनी मला किरनापूरच्या पलीकडच्या एका टोल्यावर, म्हणजे छोट्या वाडीवर, पाठवलं.

तिथला सट्टेदार दुलीचंद. सट्टेदार म्हणजे बिडीचा मालक आणि वळणाऱ्या बायका यांच्या मधला माणूस. मालकाकडून तेंदूपत्ता आणि जर्दा आणायचा, बायकांना वाटायचा, संध्याकाळी वळलेल्या बिड्या पारखून घ्यायच्या आणि मालकाकडं रवाना करायच्या. मालक कुठल्या शहरात राहतो ते टोल्यावर कोणालाच माहीत नव्हतं. त्यांच्यासाठी मालक, सरकार आणि यमराज असं सगळं दुलीचंदच होतं. त्यानं मला खुर्ची दिली, चहा दिला, पारले बिस्किटं दिली, आणि मी अंगणाअंगणातून फिरायला निघालो तेव्हा छत्री धरून माझ्याबरोबर चालला. मला तेही आवडलं. माझ्या डोक्यावर आजवर कोणी छत्री धरली नव्हती.

प्रत्येक ओसरीत बाई बसलेली, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं नि जर्दा. मी फॉर्मातला प्रश्न विचारायचो, "बाई, तुम्ही काम काय करता?"

"काही नाही जी. घरीच रायतो."

मी लिहायचो, काम : काही नाही. पुढची ओसरी.

त्या बायका खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी काम म्हणजे दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत रोवण्याला जाणं, सडकेवर गिट्टी फोडणं, डोक्यावर पाटी घेऊन घराबाहेर पडणं. सावलीत बसून जे करायचं, त्याला काम म्हणायची रीतच नव्हती. नवरा विचारायचा, दिवसभर काय केलं? तेव्हाही हेच उत्तर, काही नाही. दिवसाला आठशे-हजार बिड्या वळून काही नाही. आणि मी, मॅट्रिक पास, सरकारी नोकर, त्यांच्या मांडीवरच्या सुपाकडं बघत बघत 'काही नाही' लिहीत गेलो. एकेचाळीस वेळा. एकदाही पेन अडखळलं नाही.

दुलीचंदनं बस सुटताना माझ्या पिशवीत चिवड्याची पुडी टाकली. मी घरी येऊन ती खाल्लीसुद्धा.

पंधरा दिवसांनी आमच्या कार्यालयात एक बाई शिरली. चपराशी अडवत होता, पण तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. हातात सूप, सुपात अर्धवट वळलेल्या बिड्या, कात्री, दोऱ्याचं बंडल. सूप तिनं थेट माझ्या टेबलावर, फायलींवर ठेवलं. जर्द्याच्या वासानं मला शिंक आली.

"वळखलं काय, बाबू?"

ओळखलं नव्हतं. ती शेवंताबाई, एकेचाळीसमधली. तिची सून कमला, तीही त्याच यादीत. कमलाला सहावा महिना चालू होता. पहिलं बाळ दोन वर्षांपूर्वी सातव्या महिन्यातच आलं आणि रडलंच नाही. त्या दिवशीही सकाळपासून कमला सूप घेऊनच बसली होती, कारण एक दिवस बिड्या दिल्या नाहीत की दुलीचंद पत्ता दुसरीला देतो, आणि गेलेला पत्ता परत मिळत नाही. या खेपेला किरनापूरच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, शेवटचे दोन महिने जर्दा लांब, पोरगी आडवी. बसून दुमडून राहिली तर हेही जाईल. कोणीतरी शेवंताबाईच्या कानावर नवा कायदा घातला. ती दुलीचंदकडं गेली आणि म्हणाली, सुनेला रजा दे. त्यानं हसत हसत माझी यादी तिच्यापुढं केली.

"म्हने, पाह्य, सरकारनं लिवून देल्लं, तुही सून काहीच करत नाही. जे काहीच नाही करत तिले रजा कायची?" शेवंताबाईनं टेबलावर हात आपटला. "बाबू, काहून लिवलं रे तुनं असं?"

मला राग आला. खरं बोलणाऱ्याचा राग येतो तसा. "अहो, तुम्हीच सांगितलं! प्रत्येकीनं सांगितलं, काही करत नाही म्हणून!"

"तोंडानं सांग्तलं. हात काय करत होते? तुह्यासंग बोलता बोलता मी दहा बिड्या वळल्या. तुले डोये नाही काय? तोंडाचं लिवलं, हाताचं काहून नाही लिवलं?"

सगळं कार्यालय ऐकत होतं.

मी तिला बसवलं, पाणी दिलं आणि निरीक्षक साहेबांकडं गेलो. साहेब सरळ माणूस, पण पुढच्या वर्षी निवृत्त होणारे, त्यामुळे वादापेक्षा फाइल बंद झालेली त्यांना बरी वाटायची. मी म्हणालो, साहेब, यादी चुकली आहे आणि ती माझ्यामुळे चुकली आहे. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत कुठल्या बाबूनं असं म्हटलेलं त्यांनी ऐकलं नसावं. त्यांनी दुलीचंदला नोटीस काढली.

दुलीचंदचं उत्तर आठवड्यात आलं, वकिलाच्या हातचं, टाइप केलेलं. मी कोणाचा मालक नाही. मी दुकानदार आहे. बायका माझ्याकडून पत्ता नि जर्दा विकत घेतात, घरी आपल्या मर्जीनं बिड्या करतात, आणि त्यांचा माल मला विकतात. मला पटला तर घेतो, नाही तर नाही. इथं कामगार कोणी नाही. खात्री करायची तर आपल्याच खात्याची यादी पाहावी.

"मधुकर," साहेब म्हणाले, "कागज़ पर तो वह जीत गया है."

"साहेब, कागदावर नाही, तिथं जाऊन बघा."

ते गेले. मीही गेलो. या खेपेला चिवड्याची पुडी घेणार नाही एवढं ठरवून गेलो.

दुलीचंदच्या घराच्या पुढच्या पडवीला सगळे कारखानाच म्हणत. उंच जोतं, उंबऱ्याच्या आत गादी, गादीवर दुलीचंद. बाजूला त्याचा पारखी मोतीलाल. दुपारी चारची वेळ, बायका दिवसभराच्या बिड्या घेऊन रांगेत बसलेल्या. मोतीलालचं काम बघण्यासारखं होतं. पुढं आलेल्या बिड्यांतून मूठ उचलायची, डोळ्यांसमोर फिरवायची, आणि 'तोंड उघडं', 'पान फाटकं', 'पोट बारीक' असं काहीबाही म्हणून पंधरा-वीस बिड्या मागच्या टोपल्यात भिरकावायच्या. ही छाट. छाटीचे पैसे बाईला नाहीत आणि छाटलेल्या बिड्याही बाईला नाहीत. त्या टोपल्यातून पोत्यात जात, आणि पोत्यातून बाजारात, वेगळ्या भावानं. चाळीस वर्षं हेच चालत आलं होतं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नव्हतं, पाऊस पडतो तशी छाट पडते.

साहेब खुर्चीत बसले. दुलीचंदनं पुन्हा तेच गोड आवाजात सांगितलं. "साहेब, ह्या माझ्या आयाबहिणी. मी यांना नोकर कसं म्हणू? माल यांचा, मर्जी यांची. मी आपला गिऱ्हाईक."

साहेबांनी बायकांना विचारलं, पत्ता पैसे देऊन विकत घेता की शेटजी देतात? दुलीचंद समोर बसलेला असताना बोलायची सवयच नव्हती. साहेबांनी माझ्याकडं बघून मान हलवली आणि पेनाचं टोपण काढलं. ते काय लिहिणार, मला कळलं. कमला रांगेत खांबाला टेकून बसली होती, पोट दोन्ही हातांनी धरून. मला तिच्याकडं बघवेना.

शेवंताबाई उठली.

"शेटजी, एक विचारतो. माल आमचा?"

"हौ बाई, तुमचाच."

"तुनं घेतला त तुहा. अन् नाही घेतला त आमचा?"

"बराबर. दुकानदारीची रीतच ती."

"साहेब, आयकलं ना?" असं म्हणून ती मोतीलालच्या मागं गेली, छाटीचं टोपलं उचललं आणि कडेवर घेतलं. "हे त यानं घेतलं नाही. मंग हे आमचं. वो रुख्मा, ये, तुह्या बिड्या घे. तुही गाठ मले दुरून दिसते."

मग रुख्माबाई आली. तिनं टोपल्यात हात घातला आणि आपल्या बिड्या एकेक करून वेचल्या. वळणाऱ्या बाईला आपली बिडी शंभरात ओळखू येते, दोऱ्याचा फेरा प्रत्येकीचा निराळा. दुसरी आली, तिसरी आली. मोतीलालनं टोपल्याची कड धरली तर शेवंताबाईनं त्याच्या बोटांवर चापटी मारली, पोराला मारावी तशी. कोणीतरी ओरडलं, "अंदर पोते हायेत! कोठीत!" आणि रांग मोडून बायका कोठीच्या दाराकडं निघाल्या.

दुलीचंदचा गोडवा तिथं संपला. तो गादीवरून उडी मारून दारात आडवा उभा राहिला.

"खबरदार! एका पोत्याले हात लावाल त! पत्ता माहा, जर्दा माहा, दोरा माहा! तुमी फक्त वळता, अन् वळायची मजुरी मी फेकतो तुमच्या तोंडावर! तुमचा माल कुठून आला वो?"

मोतीलालनं कपाळाला हात लावला.

साहेबांनी पेन खाली ठेवलं नव्हतं. "मजूरी," ते सावकाश म्हणाले आणि लिहू लागले. "पत्ता मेरा, ज़र्दा मेरा, धागा मेरा. ये सिर्फ़ बनाती हैं. मजूरी मैं देता हूँ. यही कहा न, सेठजी? दस्तख़त कीजिए."

त्या पडवीत मला मोठ्यानं ओरडावं असं वाटलं, पण सरकारी नोकर ओरडत नाही, म्हणून मी नुसतंच नाक शिंकरलं.

पण दुलीचंद काही असातसा नव्हता. कपाळाचा घाम पुसेस्तोवर त्याचं डोकं पुन्हा चालू झालं. तो साहेबांजवळ येऊन हळू बोलला, पण पडवी इतकी गप्प होती की सगळ्यांना ऐकू गेलं. "साहेब, गरम झालो, बोलून गेलो. सही केली तर वकील आला, कोर्ट आलं, दोन-तीन वर्षं तर जाणारच. तोवर या पोरीचं बाळ शाळेत जाईल. त्यापेक्षा असं करू. हिची अडचण खरी आहे. या एका कमलाचं नाव मी आत्ता रजिस्टरमध्ये लिहितो. कामगार म्हणून. रजा, मजुरी, सगळं देतो. बाकीच्यांची यादी आहे तशी राहू द्या. मामला खतम."

साहेब माझ्याकडं बघेनात. त्यांचा निवृत्तीचा महिना त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. दोन-तीन वर्षं कोर्ट, हे काही खोटं नव्हतं.

मी शेवंताबाईकडं पाहिलं. आता ही बाई फाडून खाईल, असं मला वाटलं. पण टोपलं तिच्या कडेवरून हळूहळू खाली आलं. चाळीस बायका तिच्या तोंडाकडं बघत होत्या आणि ती सुनेच्या पोटाकडं बघत होती. मी तिला दोष देत नाही. पहिलं नातवंड तिनं स्वतःच्या हातानं पुरलं होतं.

"लिहू का मग?" दुलीचंदनं रजिस्टर उघडलं. "कमलाबाई..."

"नको लिवू."

कमलाचा आवाज मी तोपर्यंत ऐकलाच नव्हता. ती खांबाचा आधार घेऊन उठली, जोत्याच्या पायऱ्या एकेक करून चढली आणि दुलीचंदच्या उंबऱ्यावर, ऐन मधोमध, बसली.

"एकलीचं नाव नको. एकलीचं लिवशील, अन् मी घरी गेली का खोडशील. मांगं कोन हाये बोलाले? ह्या चाळीस असल्या त बोलतीन. सगळ्यायचं लिव."

"पोरी, ऊठ तिथून," शेवंताबाई घाबरून म्हणाली.

"नाही उठत, मामी," ती सासूला म्हणाली. "डॉक्टरीनबाईनं सांग्तलं, चालू नको, आराम कर. मी बसली. सगळ्यायचे नावं पडेवर इथंच बसन. बाळंत झाली त इथंच होईन."

दुलीचंदच्या घरातून त्याची बायको धावत आली आणि दारातच थबकली, कारण बाहेर यायचं तर कमलाला ओलांडावं लागत होतं, आणि पोटुशी बाई कोणी ओलांडत नाही. उंबऱ्याच्या आत गादी, गादीवर लक्ष्मीचा फोटो, फोटोखाली धंद्याच्या वह्या. परक्या घरची बाई इथं बाळंत झाली तर घराला सुवेर, गादीला सुवेर, आणि दहा दिवस दुलीचंदच्या हातानं ना पत्ता वाटता येणार ना बिडी घेता येणार. तिला हात धरून उठवायची हिंमत गावात कोणाला नव्हती. मोतीलालनं तर दोन पावलं मागंच घेतली.

"अहो, लिहा ना!" आतून बायको दुलीचंदवर ओरडली. "काय बघता तोंडाकडं? लिहा सगळ्यांचे, अन् उठवा तिले!"

"साहेब, ही जबरदस्ती आहे," दुलीचंद म्हणाला.

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा, निदान माझ्यादेखत, चेष्टा केली. "सेठजी, वो तो बैठी है. कुछ नहीं कर रही. हमारी लिस्ट देख लीजिए."

बायका हसल्या. आधी एक, मग सगळ्या, पदर तोंडाला लावून. शेवंताबाई मात्र हसत नव्हती, ती रडत होती आणि त्याची तिला लाजही वाटत नव्हती. ती सुनेशेजारी जाऊन पायरीवर बसली. मग रुख्माबाई बसली. मग बाकीच्या, जोत्यावर, पायऱ्यांवर, अंगणात. दुलीचंदचं घर बायकांनी भरून गेलं.

त्यानं आधी साहेबांच्या कागदावर सही केली. मग रजिस्टर माझ्याकडं सरकवलं, स्वतःच्या हातानं लिहायला त्याला जड जात होतं. मी जमिनीवर बसलो, खुर्ची नको म्हणालो, आणि लिहू लागलो. नाव, नवऱ्याचं नाव, काम : बिडी कामगार. पहिलं कमलाचं. प्रत्येक बाई पुढं येऊन अंगठा उठवत होती. जर्द्यानं पिवळे पडलेले अंगठे, नखं झिजलेली. मधे कोणीतरी कमलाला पाणी आणून दिलं, कोणीतरी पाठीला चुंबळ दिली. दुलीचंदच्या बायकोनं आतून तीनदा विचारलं, झालं काय? प्रत्येक वेळी कमलाच उत्तर द्यायची, "नाही झालं."

एकेचाळिसावं नाव लिहून मी रजिस्टर दुलीचंदपुढं धरलं. त्यानं सही केली.

"झालं, पोरी. आता ऊठ," शेवंताबाई म्हणाली.

"वाचून दाखव, बाबू," कमला म्हणाली. "मागच्या बारीले तुनं काय लिवलं, आमाले कोनी वाचून नाही दाखवलं. सगळे वाच."

मी उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. नाव, मग 'बिडी कामगार', मग पुढचं नाव, मग 'बिडी कामगार'. एकेका नावाला एकेक बाई "हौ" म्हणत होती, काही हळू, काही अशा जोरात की पलीकडच्या बांधीत ऐकू जावं. दुलीचंद आपल्याच उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं ऐकत होता. त्याला आत जायला वाट नव्हती. शेवटचा "हौ" झाल्यावर कमलानं सासूच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठली.